परदेशी मेडिकल विद्यार्थ्यांबरोबर ऑनलाइन केस चर्चा: कॉल लावण्याआधीची आणि नंतरची कामं

बहुतेक ठिकाणी हे असं होतं. परदेशातल्या एखाद्या कॉलेजशी ओळख निघते, एचओडी खूश होतात. सेमिनार हॉलमध्ये एक लॅपटॉप, एक माइक आणि मागे साठ मुलं. आपले दोघं-तिघं 'भारतातली आरोग्यव्यवस्था' यावर चाळीस स्लाइड्स पळवतात, पलीकडचे त्यांच्या चाळीस पळवतात. 'एनी क्वेश्चन्स?' म्हटल्यावर दोन्हीकडे शांतता. मग सगळे हात हलवतात, स्क्रीनशॉट निघतो, संपलं. इकडच्या एकाही मुलानं तिकडच्या एकाही मुलाशी एक वाक्य बोललेलं नसतं.

मीही हे एकदा केलंय, म्हणून एवढ्या खात्रीनं सांगतो. खालचा क्रम जर्मनीतल्या एका मेडिकल कॉलेजबरोबर केलेल्या सत्रांतून बसत गेला, त्यामुळे उदाहरणं तिथलीच आहेत. जोडीदार केनियातला असो की जपानमधला, क्रम तोच राहतो, घड्याळ आणि कायदे बदलतात.

पायरी १: देश बाजूला ठेवा, एक प्रश्न धरा

'भारत विरुद्ध जर्मनी' हा विषय घेतलात की मुलं आपापल्या देशाची वकिली करू लागतात. त्याऐवजी दोन्हीकडच्या वॉर्डात रोज पडणारा एकच अवघड प्रश्न निवडा. आम्ही घेतो तो असा: कॅन्सरचं निदान आधी कुणाला सांगायचं? मधुमेहाच्या रुग्णाचे उपवास, मानसिक आजाराची गोळी बंद करणं, बाळंतपणात नवऱ्यानं खोलीत असणं, हेही चालतात. 'आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक' घेऊ नका. त्यावर नव्वद मिनिटांत फक्त भांडण होतं.

विद्यार्थ्यांची जोडी वर्ष बघून लावू नका, वॉर्ड बघून लावा. जर्मनीत शिक्षण सहा वर्षांचं असतं. पहिली दोन वर्षं मुख्यतः मूलभूत विषयांची, मग मोठी राज्य परीक्षा, मग क्लिनिकल वर्षं, आणि शेवटचं वर्ष पूर्णवेळ रुग्णालयात. आपलं साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. आपलं पोरगं दुसऱ्या वर्षात वॉर्डात जाऊन हिस्ट्री घेऊ लागतं, तिकडचं दुसऱ्या वर्षातलं अजून बायोकेमिस्ट्रीत असतं. आपल्या तिसऱ्या वर्षाला त्यांचं चौथं किंवा पाचवं जुळतं.

संख्या: इकडचे बारा, तिकडचे बारा. एका खोलीत तीन अधिक तीन, अशा चार खोल्या. 'सगळ्यांना संधी मिळू दे' म्हणून साठ जण घेतलेत तर कुणालाच मिळत नाही. उरलेल्यांसाठी पुढच्या महिन्यात दुसरी बॅच करा.

पायरी २: कॅलेंडर आणि घड्याळ

जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार तास. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास सरकतं, आपलं सरकत नाही. त्या रविवारच्या पुढच्या आठवड्यात सत्र ठेवलंत तर कुणीतरी तासभर रिकाम्या खोलीत बसणार हे धरून चाला.

सोयीची वेळ आपली दुपारी दोन. सकाळची ओपीडी उरकलेली असते आणि तिकडे हिवाळ्यात साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. निरोपात वेळ चोवीस तासांच्या आकड्यांत आणि दोन्ही ठिकाणची लिहा: 'पुणे १४:००, तिकडे ०९:३०'. तोंडी ठरवू नका. जर्मनमध्ये 'अर्धे तीन' म्हणजे अडीच. आपण साडेतीन समजतो आणि इंग्रजी बोलतानाही त्यांच्या तोंडून कधीकधी तेच निसटतं.

त्यांची व्याख्यानं साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आणि एप्रिलपासून जुलैपर्यंत चालतात, मध्ये नाताळची सुट्टी. आपल्याकडे गणपती, दिवाळी, प्रिलिम. दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवली की दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे, जानेवारी आणि मे-जून एवढंच हातात उरतं. त्यातही मुलांची पोस्टिंग बघून घ्या.

> तपासा: मुलांची ही दुपार 'एटकॉम'च्या तासांत बसते का हे विभागाकडून आधी लिहून घ्या. २०१९पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यासाठी हे वेगळे तास आहेतच. तसं केलं नाहीत तर ऐनवेळी हजेरीच्या भीतीनं निम्मी मुलं गळतात.

पायरी ३: केस लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सत्र फसतं ते बहुतेक वेळा नेटमुळे फसत नाही, केस घाईत लिहिल्यामुळे फसतं.

खरा रुग्ण घेऊ नका. नाव खोडलं म्हणजे झालं, असं मुलांना वाटतं. पण तालुका, व्यवसाय, दाखल केल्याची तारीख आणि 'दोन्ही मुलं सैन्यात' एवढं लिहिलं की गावातला कुणीही माणूस ओळखेल. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं, हातावर गोंदलेलं असतं. चार-पाच रुग्णांतलं थोडं थोडं घेऊन एक नवा माणूस तयार करा. केस पेपरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं तर पूर्ण बंद. युरोपात २०१८पासून जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि आरोग्याची माहिती त्यात विशेष संरक्षणाखाली येते. पलीकडच्या शिक्षकाला असा फोटो दिसला तर पुढचं सत्र होणार नाही. आपल्याकडेही २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि रुग्णाची गुप्तता त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या आचारसंहितेत आहे.

आमची केस दोन भागांत आहे. पहिला भाग: बासष्ट वर्षांचे शेतकरी, तीन महिन्यांपासून 'घास अडकतो', वजन उतरलंय, वर्षानुवर्षं तंबाखू-चुना मळून खाण्याची सवय. दुर्बिणीनं तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला, अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. दुसरा भाग वेगळ्या पानावर, तो नंतर उघडायचा: रिपोर्ट घेऊन मुलगा एकटाच ओपीडीच्या दाराशी थांबलाय. आजूबाजूला बघतो आणि हळू आवाजात म्हणतो, "साहेब, म्हाताऱ्याला काय बोलू नका. गाठ हाय, औषधानं विरघळंल म्हणा." वडील बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी, पिशवीत रेशन कार्ड.

हे रेशन कार्ड तिकडच्या मुलांना कळत नाही. धान्याच्या कार्डाचं केसमध्ये काय काम? मग सांगावं लागतं की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर पहिल्यांदा तेच मागतात, आणि ऑपरेशन कधी होणार हे बऱ्याचदा कागद पुरे होण्यावर ठरतं. असे तपशील केसमध्ये मुद्दाम ठेवा, पण समजावून लिहू नका. तिकडच्यांना विचारू दे. त्यांच्या केसमध्येही असे दोन-तीन खडे असायला हवेत.

*रुग्णाची भाषा तीन ओळींत लिहा*

पहिल्या ओळीत रुग्ण म्हणाला ते मराठीत जसंच्या तसं, दुसऱ्या ओळीत शब्दाला शब्द इंग्रजी, तिसऱ्या ओळीत डॉक्टरला कळणारा अर्थ. ही खटपट का, ते एका शब्दानं शिकवलं. पहिल्या वर्षी आमच्या एका मुलीनं 'पित्त झालंय' याचं भाषांतर 'बाइल' असं केलं. तिकडचे तिघं लगेच पित्ताशयाच्या मागे लागले, एकानं सोनोग्राफी मागितली. बाईंना म्हणायचं होतं, छातीत जळजळतं आणि आंबट पाणी येतं. त्यात 'अंगावर पित्त उठणं' वेगळंच, तिथे गांधी येतात. एकच शब्द, दोन आजार, आणि पित्ताशयाशी दोन्हींचा संबंध नाही. 'मला बीपी आहे' हेही तसंच. रक्तदाब सगळ्यांनाच असतो, पण आपल्याला 'वाढलेला' हे न सांगता कळतं.

त्यांच्याकडेही असे शब्द आहेत आणि ते त्यांना मागून घ्या. जर्मन रुग्ण 'माझं क्राइसलाउफ बिघडलंय' म्हणतो. शब्दशः 'रक्ताभिसरण'. आमच्या मुलांनी ऐकलं आणि थेट शॉकची लाइन लावायला निघाली. त्या माणसाला फक्त उठल्यावर गरगरलं होतं. कमरेत उसण भरली तर त्यांच्याकडे 'चेटकिणीचा बाण' लागतो. हा शब्द आमच्या वॉर्डात आता कायमचा राहिलाय.

*आकडे*

- आपण लिहितो ११,२००. जर्मनीत स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे, त्यामुळे तो अकरा पूर्णांक दोन वाचला जाऊ शकतो. उलट ते १.५०० लिहितात तेव्हा ते पंधराशे असतात. केसमध्ये हजारांसाठी स्वल्पविराम वापरूच नका.
- 'प्लेटलेट दीड लाख' म्हटलं की तिकडे कोरे चेहरे. १५० गुणिले १० चा नववा घात प्रति लिटर, असं लिहा.
- साखर दोन्ही एककांत द्या. १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ७.० मिलिमोल प्रति लिटर. एचबीएवनसी ६.५ टक्के म्हणजे ४८ मिलिमोल प्रति मोल.
- ताप सेल्सिअसमध्ये. १०१ म्हणजे ३८.३. नुसतं १०१ लिहिलंत तर पाणी उकळतंय असं वाटेल.
- औषधाचं ब्रँडचं नाव नको, मूळ नाव द्या.

> तपासा: केस अशा सहकाऱ्याला द्या ज्याचा या उपक्रमाशी संबंध नाही. त्याला रुग्ण ओळखू आला किंवा त्यानं 'हा आपल्या वॉर्डातला का?' असं विचारलं, तर केस पुन्हा लिहायची.

पायरी ४: आधी आपलाच वॉर्ड बघा

ही पायरी सगळे गाळतात. आपली मुलं 'आमच्याकडे कुटुंब महत्त्वाचं असतं' असं पाठ केलेलं वाक्य घेऊन कॉलवर येतात. 'कसं?' असं विचारलं की गप्प. म्हणून सत्राच्या दहा दिवस आधी प्रत्येकानं ओपीडीत दोन तास बसायचं आणि फक्त एवढंच टिपायचं: निदान कुणाच्या तोंडाकडे बघून सांगितलं गेलं? खुर्चीवर कोण बसलं, मागे कोण उभं राहिलं? 'काय झालंय' हा प्रश्न कुणी विचारला? नावं नाहीत, फोटो नाहीत.

एका मुलानं नऊ रुग्ण टिपले होते. त्यातल्या सहांना काय झालंय हे त्यांच्या नातेवाइकाला सांगितलं गेलं होतं, रुग्ण समोर बसलेला असताना. तोपर्यंत हे त्याच्या कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. शिवाय, त्यातल्या चार बायका होत्या.

याच दहा दिवसांत दोन गोष्टी वाचून घ्यायच्या. एक, मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७८ मध्ये मांडलेले रुग्णाला विचारायचे प्रश्न. तुमच्या मते हे कशामुळे झालं, तेव्हाच का सुरू झालं, कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते, अशा धर्तीचे. ते मराठीत, तुमच्या भागातल्या बोलीत लिहून काढा. दुसरी, वाईट बातमी सांगायची 'स्पाइक्स' ही सहा टप्प्यांची पद्धत. तिच्यातला तिसरा टप्पा नीट वाचा: रुग्णाला किती जाणून घ्यायचंय, हे त्यालाच विचारायचं. आमची निम्मी चर्चा पुढे त्याच टप्प्यावर येऊन थांबते.

पायरी ५: ओळखीचा कॉल, केसशिवाय

मुख्य सत्राच्या आठवडाभर आधी, चाळीस मिनिटांचा. या दिवशी केसचा शब्दही काढायचा नाही. प्रत्येक गटातले सहा जण आपापला एक दिवस सांगतात: कधी उठता, वॉर्डात कधी पोहोचता, जेवता कुठे, सगळ्यात जास्त कुणाला घाबरता. शेवटच्या प्रश्नावर दोन्हीकडचे हसतात, म्हणून तो ठेवाच.

नावांचा उच्चार याच दिवशी पक्का करून घ्या. आणि मुलांना आधी दोन गोष्टी सांगून ठेवा. समोरच्या विद्यार्थ्याला 'सर' म्हणायचं नाही. आणि मान डोलवून 'हो' म्हणायचं नाही, तोंडानं म्हणायचं. आपली ती डावी-उजवीकडे हलणारी मान स्क्रीनवर 'नाही' दिसते, फार तर 'बघू' दिसते.

तांत्रिक तालीमही इथेच उरकते. प्रत्येकाचा वेगळा फोन किंवा लॅपटॉप, इअरफोन, शक्यतो वेगळी खोली. दोघं एका खोलीत बसले की आवाज घुमतो आणि मग सगळे माइक बंद करून बसतात. हॉस्टेलचं वायफाय दुपारी रडतं, मोबाइल डेटा तयार ठेवा. लिंक कुणाच्या खात्यातून निघतेय आणि चाळीस मिनिटांनी तुटणार नाही ना, हे बघा. रेकॉर्डिंग करायचं नाही. रेकॉर्ड होतंय कळलं की दोन्हीकडची मुलं पाठ्यपुस्तकासारखी बोलू लागतात.

पायरी ६: मुख्य सत्र, नव्वद मिनिटं

*पहिली १० मिनिटं, सगळे एकत्र.* नियम सांगायचे. पाहुण्यांची भाषणं नाहीत. डीनना यायचं असेल तर ओळखीच्या कॉलला बोलवा.

*१० ते ३५, खोल्यांमध्ये केसचा पहिला भाग.* पहिली पाच मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर कुणी द्यायचं नाही. प्रश्नांची यादी एकानं चॅटमध्ये उतरवायची. यानं बडबडे जरा आवरतात आणि गप्प बसणाऱ्यांना लिहून का होईना शिरकाव मिळतो.

*३५ ते ५०, दुसरा भाग उघडा.* दाराशी थांबलेला मुलगा. इथे दरवेळी तेच घडतं आणि दरवेळी मी ते पुन्हा बघतो. आपली मुलं वाद घालायला तयार असतात: वडिलांना सांगावं की नाही? तिकडची मुलं त्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाहीत. ती विचारतात, "मुलाच्या हातात रिपोर्ट आलाच कसा?" जर्मनीत रुग्णाच्या परवानगीशिवाय घरच्यांना निदान सांगणं हाच गुप्ततेचा भंग आहे आणि तो फौजदारी कायद्यात मोडतो. रुग्णाला नीट समजावून सांगण्याचं कर्तव्य २०१३पासून त्यांच्या नागरी संहितेत आहे, आणि 'मला नको सांगू' म्हणायचा हक्कही रुग्णाचाच. आपल्या २००२च्या व्यावसायिक आचार नियमांत मात्र रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना आजाराची कल्पना असावी, अशी रचना आहे. आमच्या मुलांना हा नियम सहसा माहीत नसतो. तो छापून हाताशी ठेवा, पण त्यांचा प्रश्न येईपर्यंत काढू नका.

*५० ते ७५, भूमिका बदलून.* जर्मन विद्यार्थी डॉक्टर होतो, आपला विद्यार्थी तो मुलगा. आपल्यातला जो आपल्या वडिलांबद्दल असंच वागेल त्याला हे काम द्या, तो खरं बोलतो. मग उलटं: जर्मन वॉर्ड, आपली विद्यार्थिनी डॉक्टर, आणि रुग्ण म्हणतो, "माझ्या बायकोला यातलं काही कळता कामा नये." आपल्याकडच्यांना हे पहिल्यापेक्षा जड जातं. 'पण घरी कोण बघणार यांना?' हे तोंडातून निघून जातं. जाऊ द्या, टोकू नका.

*शेवटची १५.* प्रत्येक गटानं एकच सांगायचं: कोणत्या क्षणी समोरचा चुकतोय असं वाटलं, आणि नंतर काय कळलं. 'दोन्ही पद्धती चांगल्या' असं वाक्य आलं तर पुन्हा विचारा. हे वाक्य म्हणजे पळवाट आहे.

> इशारा: शिक्षकांनी खोल्यांमध्ये जाऊ नये. गेलात तर कॅमेरा आणि माइक बंद ठेवा. सर आले की आपली मुलं इंग्रजी सुधारायला लागतात आणि मुद्दा सोडून देतात. अडलं तर त्यांना चॅटमधून बोलावू द्या.

> इशारा: 'तुमच्याकडे इतकी गर्दी, मग गोपनीयता कशी पाळता?' असा प्रश्न येणारच. आपल्यातला एखादा चिडतो, एखादा माफी मागत सुटतो. आधीच्या तालमीत हा प्रश्न एकदा विचारून घ्या, म्हणजे साधं उत्तर येईल: एका टेबलाला दोन डॉक्टर, पडदा एक, आणि त्यात आम्ही काय करतो ते.

नेट गेलं तर काय, हेही आधी ठरवा. आमचा नियम असा: पाच मिनिटांत परत आलं नाही तर गट ठरलेल्या चॅटवर लिहून पुढे चालू ठेवतो, थांबत नाही.

पायरी ७: त्याच संध्याकाळी

कॉल संपला की मुलं चहाला जातात आणि सगळं तिथेच सांडतं. चहा तिथेच मागवा. वीस मिनिटं गप्प बसून प्रत्येकानं एक पान लिहायचं, मराठीत किंवा ज्या भाषेत विचार येतो तीत. तीनच प्रश्न: कुठे मला राग आला किंवा लाज वाटली? मी काय गृहीत धरलं होतं? उद्या ओपीडीत कोणती एक गोष्ट वेगळी करून बघणार? हे पान तपासायचं नाही, गुण द्यायचे नाहीत. गुण दिलेत की 'खूप शिकायला मिळालं' असंच लिहून येतं.

दोन आठवड्यांनी तिसरा, छोटा कॉल. त्यात फक्त शेवटच्या प्रश्नाचा हिशेब: करून बघितलं का, काय झालं? मागच्या खेपेला एका इंटर्ननं सांगितलं की त्यानं एका आजींना विचारलं, "रिपोर्टबद्दल तुमच्याशी बोलू, की मुलाशी?" आजी म्हणाल्या, "माझ्याशीच बोल. त्याला झेपायचं नाही." तिकडच्या एका मुलीनं तिच्या वॉर्डातल्या तुर्की कुटुंबाला पहिल्यांदाच विचारलं होतं की बोलताना कुणी सोबत हवंय का.

पायरी ८: कागदपत्रं

लॉगबुकमध्ये नोंद, विभागाला एक पानाचा अहवाल, प्रमाणपत्र हवंच असेल तर तिन्ही कॉलना हजर असलेल्यांनाच. पुढे यावर पेपर लिहायचा मनात असेल, तर एथिक्स कमिटीची परवानगी पहिल्या कॉलच्या आधी घ्यायची. मुलांनी लिहिलेली ती पानं नंतर 'डेटा' म्हणून वापरता येणार नाहीत, आणि वापरूही नयेत.